जुन्या साच्यावरची कवळी

३ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला दोन मिनिटांच्या वर टिकू देत नाहीस. "हं ताई, हं ताई, बरं ठेवतो," एवढ्यात तुझं आटोपतं. पत्राला मध्येच "ठेवतो" म्हणता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस, कारण यात आईची बातमी आहे.

आईची कवळी फुटली. धुताना हातातून निसटली, बेसिनवर आपटली आणि वरच्या कवळीचे सरळ दोन तुकडे झाले. बाबांनी केलेली, नऊ वर्षं चालली. चिकटवून भागलं असतं, पण मी नवीच केली, वरची आणि खालची दोन्ही. चार दिवसांत. बाहेरच्या पेशंटना आपण तीन आठवडे थांबवतो, तेही डॉक्टरांकडे तीनदा तोंड उघडायला लावून. आईच्या तोंडात कवळी घातली आणि बसली. ती आरशासमोर जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "छान आहे हो." चार दिवसांच्या कामाला तीन शब्द. या घरात कौतुक रेशनवर मिळतं हे तुला सांगायला नकोच.

आता मुद्द्याचं. नऊ मार्चला आईला पंच्याहत्तर पूर्ण होतात. रविवार आहे. तू आदल्या दिवशी ये आणि निदान चार दिवस राहा. तेवढ्यात मी तुला लॅब दाखवते. नवं पॉलिशचं मशीन घेतलंय, भट्टीही बदललीय. खिडकीजवळची तुझी जागा सहा वर्षांत मी कुणाला वापरू दिली नाही. मेण कोरायची तुझी हत्यारं जशी ठेवून गेलास तशीच आहेत, दर शनिवारी पुसते. मी आतल्या बाजूला ट्यूबलाइटखाली बसते, माझं चालतं.

लॅबवरच्या पाटीला मी यंदा पुन्हा रंग दिला. तुझं नाव आहे अजून, माझ्या नावाच्या वर. ती पाटी बघून तू तेव्हा एवढा का भडकलास हे मला आजतागायत कळलेलं नाही. लोक नाव लावलं नाही म्हणून भांडतात, तू लावलं म्हणून घर सोडलंस.

उलट टपाली कळव.

ताई


१६ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या,

तेरा दिवस झाले. पत्र तुझ्या शहरात चार दिवसांत पोचतं, मी पोस्टात विचारलंय. म्हणजे नऊ दिवस ते तुझ्या टेबलावर पडून आहे. तिथे टेबल आहे ना? की तेही नाही आणि तू पोहण्याच्या तलावाच्या काठावर बसून जेवतोस?

आईनं डोकं फिरवलंय. कवळी घालत नाही. सकाळी घालते, मी खाली लॅबमध्ये गेले की काढते. परवा तिच्या चष्म्याच्या डबीत सापडली, चष्मा बाहेर आणि दात आत. विचारलं तर म्हणाली, "सवय नाही अजून." नऊ वर्षं कवळी वापरणाऱ्या बाईला सवय नाही. भात कालवून खाते, पोळी दुधात बुडवून खाते. शेजारच्या काकू आल्या की तोंडावर हात धरून बोलते. माझ्या हातच्या कवळ्या घालून लोक मक्याची कणसं खातात आणि माझी स्वतःची आई तोंडावर हात धरून बसते. चार लोकांत काय दिसतं ते? सुताराच्या घरी खुर्चीचा पाय मोडका, असं लोक म्हणत असतील.

मी तिला स्पष्ट सांगितलं, की आई, मी तुझ्यासाठी चार दिवस मान मोडून बसले, तुला तेवढंही करता येत नाही? तर ती म्हणाली, "करते गं." आणि केलं नाही. तू असतास तर तिनं ऐकलं असतं. तुझं ती ऐकते.

हो, मी आईला सांगून टाकलंय की तू येतोयस. आता फिरवू नकोस. तिनं ऐकलं आणि नुसती मान हलवली, मला वाटलं होतं आनंदानं नाचेल. या घरात कुणाला आनंद जसा व्हायला हवा तसा होतच नाही.

तिकीट काढलंस की कळव.

ताई


२ मार्च, रविवार

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं ते मोठ्या मनानं. मी आईला वाचून दाखवायला घेतलं आणि चष्मा नाकावर नीट बसायच्या आत संपलं. "ताई, नऊ तारखेला माझ्या मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धा आहेत, येणं जमणार नाही. आईला नमस्कार. आईच्या कवळीचं माप कुणी घेतलं?" बस. इति.

पहिली गोष्ट. 'माझ्या मुलांच्या' म्हणजे कोणाच्या? परक्या लोकांची पोरं, पाण्यात हात मारणारी. त्यांना तू माझी म्हणतोस आणि पंच्याहत्तर वर्षांच्या आईला नमस्कार पाठवतोस. बाबा म्हणायचे, या पोराच्या बोटांत देव आहे. मेणात दात लावायचास तर डॉक्टर लोकांना खरे-खोटे ओळखू यायचे नाहीत. ती बोटं तू रोज आठ तास पाण्यात भिजवतोस आणि "पाय मार, पाय मार" म्हणून ओरडतोस. मला विचारशील तर हा गुन्हा आहे. पण तू विचारत नाहीस.

दुसरी गोष्ट. माप कुणी घेतलं म्हणजे काय? तू मला धंदा शिकवतोस? बावीस वर्षं मी दात करतेय. माप डॉक्टरीणबाईंनी घेतलं. झालं समाधान?

डॉक्टरीणबाई म्हणजे कोपऱ्यापलीकडच्या दवाखान्यातल्या, तुला आठवत असतील, तेव्हा नवीन होत्या आणि हात थरथरायचा. आता दांडगं काम आहे त्यांचं. बुधवारी दुपारी मी दवाखान्यांची फेरी करते, तयार कवळ्या पोचवते आणि नवे साचे घेऊन येते. शेवटी त्यांच्याकडे थांबते. या बुधवारी त्यांना तुझं पत्र सांगितलं, आईचं सांगितलं, जरा मन मोकळं केलं. तर मला म्हणतात, "तुम्ही माणसांकडून अपेक्षा कमी करा. सुखी व्हाल. मी तेच केलं."

मी ऐकून घेतलं. निघताना त्यांनी हाक मारली, "आणि हो, सोळा नंबरच्या पेशंटची कवळी पुढच्या बुधवारी म्हणजे बुधवारीच हवी हं, मागच्यासारखा गुरुवार नको." अपेक्षा सोडलेली बाई ही. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

आणि मला सांग, अपेक्षा कमी करायच्या म्हणजे नक्की कुठली कमी करू? धाकट्या भावानं आईच्या वाढदिवसाला यावं, ही काय चैनीची अपेक्षा झाली? मी काय चंद्र मागितला? मी जे जे केलं ते करताना कुणी मला विचारलं नाही की ताई, तुला जमेल का. बाबा गेल्यावर दुसऱ्या सोमवारी मी लॅब उघडली. तू खिडकीशी बसून बाहेर बघत होतास. मी पाटी का लावली? तुला धीर यावा म्हणून. तू म्हणालास, "मला विचारलंस?" विचारायचं काय त्यात? घरच्या धंद्यावर घरच्या मुलाचं नाव.

स्पर्धेचं दुसऱ्या कुणाला बघायला सांग. अजून सात दिवस आहेत.

ताई


१० मार्च, सोमवार

धाकट्या,

तू आला नाहीस. आठ तारखेला संध्याकाळी मी दोनदा स्टेशनवर जाऊन आले, आईला म्हटलं भाजी आणायला जाते. दोन्ही वेळा भाजी आणायची विसरले.

कालचं सांगते. लिहायचं नव्हतं, पण पोटात ठेवलं तर तिथेच सडेल.

शेजारच्या काकू आणि डॉक्टरीणबाई आल्या होत्या. केक होता. आई नवीन साडी नेसून बसली होती, तोंड मिटून, हसली तरी मिटल्या तोंडानं. मी सगळ्यांसमोर चष्म्याची डबी आणून तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "निदान आज तरी. माझ्यासाठी." तिनं माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं कवळी घातली. फोटो काढले. फोटोत ती सुंदर दिसते, मी मुद्दाम सांगते, दात अगदी ओळीत, मोत्यांसारखे. मग केक खाल्ला. वर मी बदामही दिले, लोकांनी बघावं म्हणून. ती चावत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा काकू म्हणाल्या, मुलाची आठवण आली असेल. मीही तेच धरून चालले आणि मनात तुला दोन शिव्या दिल्या.

तिनं रुमाल तोंडाला लावला आणि तो लाल झाला.

डॉक्टरीणबाईंनी तिला तिथेच, खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. हिरडीवर तीन ठिकाणी जखमा होत्या. एक इतकी खोल की त्यांनी "आई गं" म्हटलं. पाच आठवड्यांच्या जखमा. मग कवळी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि मला विचारलं, "हे माप कुठलं? माझ्याकडे तर आल्या नव्हत्या या."

मी तुला खोटं लिहिलं होतं. माप कुणीच घेतलं नव्हतं.

बाबांनी आईचा प्लास्टरचा साचा फडताळात वरच्या खणात ठेवला होता, त्यावर पेन्सिलीनं 'घरचा' असं लिहून. मी तो काढला, पुसला आणि त्यावरच कवळी केली. साच्यावर ती इतकी चपखल बसली की मी खूश होऊन दोनदा काढघाल करून बघितली. आता हे कुठल्याही शिकाऊ माणसाला विचार, तो सांगेल. दात गेले की हिरडी झिजत जाते, हाड खाली बसतं, दोन वर्षांत तोंड बदलतं. नऊ वर्षांत तर दुसऱ्याच बाईचं तोंड होतं. जुनी कवळी रोज वापरून तोंडाबरोबर जुळत गेलेली, ही थेट नऊ वर्षांपूर्वीच्या तोंडाची. पेशंटनं जुना साचा वापरा म्हटलं तर मी त्याला हाकलून देते. आणि आईच्या बाबतीत मला सुचलंच नाही. खरं सांगू? सुचलं होतं. मी म्हटलं, आईचं तोंड मला ठाऊक नाही का.

डॉक्टरीणबाई काही म्हणायला गेल्या, त्यातून काहीतरी शिकवण काढणार होत्या, चेहऱ्यावरून कळलं. मी म्हटलं, "बाई, शिकवण नको. माप घ्या."

आईला विचारलं, "दुखतंय असं सांगितलं का नाहीस?" म्हणाली, "सांगितलं होतं गं. तू म्हणालीस सवय होईल."

मी तसं म्हणाल्याचं मला आठवत नाही. म्हणाले असणार.

ताई


२० मार्च, गुरुवार

तुला 'धाकट्या' लिहायचीही आज इच्छा नाही.

काल आईला माप द्यायला घेऊन गेले होते. जखमा भरल्यात. बाईंनी ट्रेमध्ये लगदा भरून तिच्या तोंडात दाबला, तीन मिनिटं धरला, काढला. आईनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि अगदी सहज म्हणाली, "धाकट्याला वाटलंच होतं, साचा जुना असेल."

बाईंनी छताकडे बघितलं. मी आईकडे. आई चूळ भरायला पुन्हा वळली, पेल्यात पाणी नव्हतं तरी.

घरी आलो. दारात चपला काढतानाच विचारलं. तिनंही लपवलं नाही, लपवण्यासारखं आता राहिलं काय होतं. पाच वर्षं. दर बुधवारी दोन ते चार, मी साचे आणि कवळ्या पिशवीत भरून ऊन-पावसात दवाखान्यांचे जिने चढत असते तेव्हा तू आईला फोन करतोस. आणि झाल्यावर ती तो कॉल पुसून टाकते. मी तिला दहा वेळा शिकवलं तरी तिला फोनचा आवाज वाढवता येत नाही, पण कॉल पुसता येतो. हे शिक्षण कोणाचं ते विचारायची गरज नाही.

म्हणजे मला दोन मिनिटं आणि तिला दोन तास.

म्हणजे मी जेव्हा आईला सांगत होते की धाकट्याचं पत्र नाही, धाकट्याला आपली पर्वा नाही, तेव्हा ती मान हलवायची आणि तिला ठाऊक असायचं की तू मंगळवारी काय जेवलास. नऊ तारखेला तू येणार नाहीस हे तिला फेब्रुवारीतच ठाऊक होतं. मी स्टेशनवर दोनदा गेले तेव्हाही ठाऊक होतं. तिनं मला जाऊ दिलं. आणि तुला ठाऊक होतं की तिच्या हिरडीला जखमा आहेत. एक ओळ लिहिलीस, माप कुणी घेतलं. बावीस वर्षं काम केलेल्या माणसाला असं विचारतात का? सरळ लिहायचंस, ताई, तू गाढव आहेस, आईचं तोंड सोलवटलंय. मी चिडले असते. पण पाच आठवडे तिचं तोंड सोलवटलं नसतं. हे तुझ्याही खात्यावर आहे, माझ्या एकटीच्या नाही.

मी आईला विचारलं, "माझ्यापासून चोरून का? मी काय तुमचा फोन हिसकावून घेतला असता?"

ती पलंगावर बसली, पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, "हिसकावला नसतास. शेजारी उभी राहिली असतीस. आधी तो घरी असताना फोन यायचे ना मावशीचे, तेव्हाही तू हातानं खुणा करायचीस, हे विचार, ते सांग, एवढं बोलू नकोस. तो गेल्यावर सुरुवातीला त्याचे फोन आले तेव्हाही तेच. कधी येतोस विचार, लॅबचं विचार. त्यात त्याला जे सांगायचं असायचं ते राहून जायचं. मग तो फोनच करेना. मीच त्याला म्हटलं, बुधवारी कर."

मी म्हटलं, "आणि काय सांगायचं असतं त्याला एवढं?"

"काही नाही. एक मुलगी पाण्याला घाबरायची, ती काल बुडी मारून आली. असलंच."

"आणि माझं? माझ्याबद्दल काय म्हणतो?"

तिनं जरा विचार केला. आई खोटं बोलायच्या आधी विचार करते, पण या वेळी ती खरं बोलली. म्हणाली, "तुझ्याबद्दल फारसं बोलत नाही आम्ही. तू मध्ये नसावीस म्हणूनच तर बुधवार."

हे तिनं वाईट वाटावं म्हणून म्हटलं नाही, एवढं मला कळलं. म्हणूनच जास्त लागलं. मी खाली गेले आणि दोन तास ग्राइंडर चालवला. घासायला काही नव्हतं, नुसता चालवला.

उत्तर देऊ नकोस.

ताई


२८ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

उत्तर देऊ नकोस म्हटलं तर खरंच दिलं नाहीस. एरवी माझं काही ऐकत नाहीस.

दोन पत्रं लिहून फाडली. एकात तुला माफ केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं तर मलाच ते नकली वाटलं, म्हणून फाडलं. दुसऱ्यात तुझ्याकडून माफीची वाट बघत होते, पान तीनवर. तेही फाडलं. हे तिसरं. कितपत धड होतं बघू.

पाटीचं सांगायचं राहिलंय. मी लिहिलं होतं की तू का भडकलास ते मला कळलेलं नाही. कळलेलं आहे. तू मला दोनदा सांगितलं होतंस. एकदा बाबांचं सगळं आटोपल्यावर, जिन्यात. म्हणालास, "ताई, मला हे काम नको वाटतं, मला बाहेर काहीतरी करायचंय." मी म्हटलं, सुतकाचं बोलणं आहे, जाईल. दुसऱ्यांदा महिन्यानं, मी भट्टी लावत होते तेव्हा. तेव्हा मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आणि त्याच आठवड्यात पेंटरला तुझं नाव दिलं, मोठ्या अक्षरांत, वरच्या ओळीत. मला वाटलं, नाव वर गेलं की माणूस जागेवर राहील. लोक म्हणतील काय, या लाजेनं तरी राहशील. धीर-बिर काही नाही. मी तुला खिळ्यानं ठोकत होते. मला एकटीला भीती वाटत होती, हे वाक्य तेव्हा म्हटलं असतं तर पेंटरचं काम वाचलं असतं.

आता यावर तू "ताई, असू दे" असं लिहावंस अशी माझी इच्छा आहे. बघ, सुटत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात तसं अपेक्षा सोडायला बसले की पहिली अपेक्षा हीच उभी राहते, की मी सोडली हे कुणीतरी बघावं. कसले सुखी होतात लोक यातून, मला तर नुसतं चिडचिडायला होतं. हातात काही धरायची सवय असली आणि ते काढून घेतलं की बोटं आखडतात, तसं झालंय.

एक केलं. सोमवारी तुझी हत्यारं गुंडाळून कपाटात ठेवली आणि खिडकीशी मी बसले. समारंभ वगैरे काही नाही, ट्यूबलाइट फडफडायला लागली होती म्हणून. धाकट्या, तिथे उजेड इतका चांगला आहे की मला रडू आलं, आणि ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्या डोळ्यांसाठी होतं. सहा वर्षं मी दातांच्या छटा ट्यूबखाली लावत होते आणि दर दुसऱ्या कवळीला डॉक्टरांची तक्रार, दात पिवळट वाटतात. तुझी जागा राखायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी राखली आणि त्याचं भाडं मनातल्या मनात तुझ्याकडून मागत राहिले.

पाटीवरून तुझं नाव काढायचं की नाही ते तू सांग. मी विचारतेय. उत्तर आलं नाही तर आहे तसं राहील, मी त्यावरून काही समजणार नाही. प्रयत्न करेन न समजण्याचा.

ताई


१० एप्रिल, गुरुवार

धाकट्या,

आईची कवळी झाली. या वेळी पद्धतशीर. माप, चावा बघायला मेणाची कड, मग मेणात दात लावून ट्रायल, सगळं. तीन आठवडे. आई ट्रायलला आरशात बघून म्हणाली, "सगळं बरोबर आहे, पण ही माझी वाटत नाही." मी विचारलं, काय नाही? मला वाटलं पुन्हा तेच, छान आहे हो. तर तिनं बोट ठेवून दाखवलं, समोरचा डावा दात. तो तिचा मूळचा जरा वळलेला होता, शेजारच्या दातावर रेललेला. बाबांच्या कवळीत तू तो तसाच लावला होतास. मी मात्र सरळ लावला. जुन्या कवळीत तो वाकडा आहे हे मला नऊ वर्षं दिसत होतं आणि मी ती तुझी चूक समजत होते.

मी म्हटलं, "आई, नवीन करतेय तर सरळ असू दे ना, चांगला दिसतो." ती म्हणाली, "दिसतो चांगला. मला वाकडा हवाय." मेण तापवलं आणि वळवला. तीनदा वळवला, दोनदा तिला पटला नाही. मनात सारखं येत होतं, हा सरळच छान होता. अजूनही येतं. पण ती आता पोळी चावून खाते आणि काकूंशी तोंडावरचा हात काढून भांडते.

आता बातमी अशी, की दवाखान्यांनी एक माणूस ठेवलाय. तो गाडीवरून येऊन कवळ्या नेतो आणि साचे देऊन जातो. माझी बुधवारची फेरी बंद. गुडघ्यांना सुख. हे मी जेवताना आईला सांगितलं आणि तिचा घास हातातच राहिला. "मग आता बुधवारी तू घरीच?" तिनं विचारलं. काही सुचवलं नाही, तक्रार केली नाही, नुसतं विचारलं. पण तोंडावरचा रंग गेला.

माझ्या जिभेच्या टोकावर होतं. की मग काय झालं, बोला की माझ्यासमोर, मी कोपऱ्यात बसेन, खुणा करणार नाही. शपथेवर सांगते, मी करणार नाही असं मला त्या क्षणी खरंच वाटत होतं. पण मी स्वतःला बावन्न वर्षं ओळखते. पहिल्या बुधवारी गप्प बसेन, दुसऱ्या बुधवारी खोकेन, तिसऱ्याला म्हणेन, पाटीचं विचार. म्हणून म्हटलं, "नाही, मला बाहेरची कामं असतात."

काल पहिला बुधवार होता. दोनला निघाले. बाहेरचं काही काम नव्हतं. वाचनालयात जाऊन बसले. तिथे पंखा कुरकुरतो आणि सगळी मासिकं मागच्या वर्षीची आहेत. वाचायला घेतलं तर चष्मा घरी राहिलेला. परत आले. जिना अर्धा चढले आणि आईचा आवाज आला. ती हसत होती. तोंड उघडून, खदाखदा, मध्ये श्वास घ्यायला थांबून पुन्हा. मी बाबा गेल्यापासून ते ऐकलं नव्हतं. घरात इतकी वर्षं मी आहे, स्वयंपाक मी करते, औषधं मी देते, आणि हे हसणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही. मला तुमचा दोघांचा भयंकर राग आला. वाटलं, धाडकन दार उघडावं आणि विचारावं, मलाही सांगा काय झालं ते.

कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिले. मग पाय न वाजवता खाली उतरले आणि वाचनालयात जाऊन चष्म्याशिवाय चार वाजेपर्यंत बसले. नुसती पानं उलटत. ग्रंथपालानं दोनदा माझ्याकडे बघितलं.

चारनंतर दहा मिनिटांनी घरी आले. आईनं विचारलं, "झालं काम?" म्हटलं, झालं. चहा टाकला. तिच्या गालावर अजून थोडी लाली होती. काय हसत होतीस ते मी विचारलं नाही आणि तू मला ते कळवू नकोस.

पाटीबद्दल तुझं काही आलेलं नाही. ठीक आहे.

एवढंच लिहायचं होतं की बुधवारी दोन ते चार मी घरी नसते.

ताई